कुंडीत आपोआप उगवलेली घोळ, आणि अशाच दुर्लक्षित वनस्पती: तुम्ही खरंच वापरता का?

मृद्गंध

महिन्याभरापूर्वी मिरचीचं रोप वाळलं आणि ती कुंडी कोपऱ्यात तशीच पडून राहिली. पाणी घालणंही बंद केलं होतं. परवा सहज बघितलं तर लालसर देठांचं, जाड पानांचं काहीतरी मातीला चिकटून चहूबाजूंनी पसरलंय. उपटणारच होते, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांब गं, घोळ आहे ती. खातात." एक पान धुऊन चावलं. आंबट, जरासं खारट, आणि जिभेवर किंचित बुळबुळीत. आवडलं!

मग काय, वाचत सुटले. दोन तासांत वहीत चाळीस वनस्पतींची नावं झाली. प्रत्येकीपुढे तेच: 'पाचक, रक्तशुद्धीकर, त्वचेसाठी उत्तम'. पण पान कुठलं, किती, कच्चं की शिजवून, कोणी खाऊ नये, यातलं काहीच नाही. यादी वाचून एकही वनस्पती ओळखता येणार नाही.

म्हणून हा धागा. प्रत्येकाने शक्यतो एकच वनस्पती सांगा, पण स्वतः वापरलेली. कशी ओळखता, कुठला भाग घेता, काय करता आणि काय चुकलं होतं. खाण्याचीच हवी असं नाही. धुणं, रंगवणं, कीड हटवणं, काहीही चालेल.

---

शेगडी

घोळ आमच्याकडे नेहमीची. माझा अनुभव असा की सकाळी लवकर तोडलेली घोळ जास्त आंबट लागते आणि संध्याकाळी तोडलेली सौम्य. घरातले हसायचे, म्हणायचे तुझ्या मनाचे खेळ. एकदा एकाच रोपाची पानं सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला तोडून, डोळे मिटून चाखायला दिली. सगळ्यांनी सकाळची बरोबर ओळखली. कारण मात्र मला माहीत नाही.

कोवळे शेंडे कच्चेच बरे. जून देठ शिजवले तर बुळबुळीतपणा वाढतो, त्यामुळे पातळ पदार्थाला आपोआप दाटपणा येतो, वेगळं पीठ लावावं लागत नाही.

---

वाटसरू

ही तर माझ्या वाफ्यात दर पंधरा दिवसांनी येते आणि मी दर पंधरा दिवसांनी उपटतो. उद्यापासून उपटेन, पण टोपलीत!

---

काटेकोर

शेगडीताई, मनाचे खेळ नाहीत, तुमची जीभ बरोबर आहे.

बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. उन्हात छिद्रं उघडली की पाणीही उडतं. पाणी कमी पडलं की घोळ निवडुंगासारखी युक्ती करते: छिद्रं रात्री उघडते आणि आत आलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पानात साठवते. हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा याच आम्लाचा. दिवस उजाडला की साठा वापरला जातो आणि संध्याकाळपर्यंत आंबटपणा उतरतो. भरपूर पाणी मिळणारी घोळ ही युक्ती फारशी करत नाही. मृद्गंधताईंनी कुंडीला पाणीच घातलं नव्हतं, तेव्हा त्यांचं पान आंबट लागणारच होतं.

इतर पालेभाज्यांमध्ये एरवी कमी असणारं एक ओमेगा-३ मेदाम्ल, अल्फा-लिनोलेनिक, घोळीत चांगल्या प्रमाणात असतं. पण दुसरी बाजूही लिहितो: घोळीत ऑक्झलेट, म्हणजे ऑक्झॅलिक आम्लाचे क्षार, भरपूर असतं. ज्यांना मूतखडा झाला आहे किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी ही रोजची भाजी करू नये. इतरांनी भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकून दिलं तर बरंचसं ऑक्झलेट निघून जातं. दह्याबरोबर खाल्ली तर दह्यातलं कॅल्शियम त्याला पोटातच बांधून ठेवतं आणि ते रक्तात कमी उतरतं.

एक विनंती, मृद्गंधताई. कुंडीतल्या सगळ्या देठांपैकी प्रत्येकी एक मोडून बघा आणि काय दिसतं ते इथे लिहा. तोवर खाऊ नका.

---

मृद्गंध

बापरे, देठ का मोडायचे? उद्या सकाळी बघते. आज इथे पाऊस आहे.

---

पानवेली

माझी वनस्पती आंबुशी. कुंडीच्या कडेला, फरशीच्या फटीत, कुठेही येते. तीन पानं, प्रत्येक पान हृदयाच्या आकाराचं, मधोमध दुमड. फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं. संध्याकाळी पानं छत्रीसारखी मिटतात. शेंग भेंडीच्या छोट्या पिल्लासारखी उभी असते आणि पिकल्यावर नुसतं बोट लावलं तरी टपकन फुटून बिया उडतात. माझ्या मुलीचा तो आवडता खेळ आहे.

खायला आम्ही चार-पाच पानं चवीपुरती घेतो. खरा उपयोग तांब्याच्या भांड्यांना. मूठभर पाला ओला करून काळवंडलेल्या तांब्यावर चोळायचा. पहिल्या दहा-बारा फेऱ्यांत काहीच होत नाही, पाला नुसता चेंदामेंदा होतो. मग हाताखालचा फेस मळकट हिरवा होतो आणि मधूनच गुलाबी तांबं डोकावतं. तिथून पुढे थांबवत नाही. झाल्यावर लगेच पाण्याने धुऊन कोरडं पुसायचं. माझं चुकलं ते इथेच: पाला तसाच ठेवून फोन घ्यायला गेले, अर्ध्या तासाने भांड्यावर पानांचे डाग उमटले होते. पुन्हा घासावं लागलं.

---

काटेकोर

पानवेली, सुरेख लिहिलंत. काम करतं ते ऑक्झॅलिक आम्ल, धातूवरचा ऑक्साइडचा थर तेच विरघळवतं. म्हणजे घोळीबद्दलची सूचना आंबुशीलाही लागू. भांड्याला मूठभर, पोटाला चिमूटभर.

---

हिरवाई

मला जरा वेगळं वाटतं. प्रत्येक पानामागे 'हे खाऊ नका, ते खाऊ नका' लावलं तर लोक पुन्हा गोळ्यांकडेच वळतील. पिढ्यानपिढ्या माणसं पाला खात आली, त्यांना कुठे ऑक्झलेट माहीत होतं? निसर्गातलं आहे, थोडंफार खाल्ल्याने काही होत नाही. माझे मामा दोन वर्षं रोज सकाळी सदाफुलीची पानं चावतात, साखरेसाठी. ठणठणीत आहेत.

---

खलबत्ता

हिरवाई, तुमच्या मामांबद्दल काळजी वाटते म्हणून स्पष्ट लिहिते. मी औषधनिर्माणशास्त्र शिकले, आणि सदाफुलीचं उदाहरण आम्हाला पहिल्याच वर्षी होतं.

सदाफुली साखर कमी करते असा समज जगात अनेक ठिकाणी होता. तोच तपासण्यासाठी कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी पानांचा अर्क उंदरांना दिला. साखर फारशी हलली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड उतरल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन पुढे आलं आणि त्यामागोमाग व्हिनक्रिस्टिन. ही दोन्ही आजही कर्करोगावरची औषधं आहेत. व्हिनक्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरतात. म्हणजे मामा रोज सकाळी जे चावतात त्यात पेशींचं विभाजन थांबवणारी द्रव्यं आहेत. पानात ती अगदी अल्प असतात, पण किती, हे पानागणिक बदलतं. औषध देताना डॉक्टर रक्ततपासणी करून मात्रा ठरवतात, चावलेल्या पानाची मात्रा कोण ठरवणार?

तीच गोष्ट गुळवेलीची. कोरोनाच्या काळात घरोघरी काढे सुरू झाले आणि २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यावर वादही झाला, कारण गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात तिच्याऐवजी वापरली जाते. पण त्यातून ओळखीचाच प्रश्न पुन्हा समोर येतो, नाही का?

ज्येष्ठमध खोकल्यावर आपण सहज चघळतो. बरेच दिवस आणि बरंच घेतलं तर त्यातलं ग्लिसरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरवतं आणि रक्तदाब चढवतं. दाबाची गोळी चालू असलेल्या माणसाने हे माहीत करून घ्यायलाच हवं.

झाडपाल्यावर माझंही प्रेम आहे. पण पान औषध म्हणून घ्यायचं तर त्याला औषधाचाच मान द्यावा.

---

हिरवाई

खलबत्ता, हे माहीत नव्हतं. मामांना आजच फोन करते. मात्र मूळ मुद्दा सोडत नाही: चवीपुरती पानं आणि औषध म्हणून रोज घेतलेली पानं, यांना एकाच काठीने हाकू नये.

---

खलबत्ता

अगदी मान्य. तीच रेष मलाही आखायची आहे.

---

ग्रंथकीटक

खाण्याची नाही, कपाटाची वनस्पती सांगतो. वेखंड. पाणथळ जागी वाढतं, पानं तलवारीसारखी लांब. वापरायचा तो जमिनीतला गाठीगाठींचा कंद. वाळवून दोन-दोन इंचांचे तुकडे केले, सुती कापडात गुंडाळले आणि पुस्तकांच्या प्रत्येक फळीवर एक पुरचुंडी ठेवली. कपाट उघडलं की उग्र-गोड वास येतो. जुन्या पुस्तकांत आधी पानं कुरतडणारे चंदेरी किडे हमखास सापडायचे, ते आता दिसत नाहीत. वास उतरला की तुकडा मोडायचा, आतून नवा वास सुटतो.

---

शेगडी

ग्रंथकीटकाच्याच कपाटात कीटकांना बंदी! हे मात्र आवडलं.

---

खलबत्ता

कपाटात उत्तम, पोटात नको. वेखंडातलं बीटा-असारोन उंदरांवरच्या प्रयोगांत गाठी निर्माण करतं असं दिसल्यावर अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड घालायला बंदी केली. लहान बाळांपासून तर पुरचुंडी दूरच ठेवा.

---

नीळकंठ

रंगाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी तीन वर्षं नीळ लावतोय. झुडूप अगदी साधं, शेंगावर्गीय, पानं बारीक, फुलं गुलाबी. पान चुरगळा, हिरवंच. निळ्याचा मागमूस नाही. कारण पानात निळा रंग नसतोच, इंडिकन नावाचं रंगहीन द्रव्य असतं. पानं पाण्यात बुडवून आंबवली की ते फुटतं, आणि मग हवा लागल्यावर नीळ तयार होते. ती पाण्यात विरघळत नाही, म्हणून तिला रंगपात्रात पुन्हा प्राणवायूविना विरघळत्या रूपात न्यावं लागतं.

या रूपातलं पाणी पिवळट हिरवं असतं. कापड बुडवायचं, पाण्याखालीच हलवत राहायचं, बुडबुडा येऊ द्यायचा नाही. बाहेर काढताना कापड ओल्या गवतासारखं दिसतं. आणि मग समोर, डोळ्यांदेखत, कडांपासून निळं व्हायला लागतं. घडीच्या आतला भाग हिरवा आणि बाहेरचा निळा, असं दोन-तीन मिनिटं चालतं. मी शंभरेक वेळा पाहिलं असेल, अजून प्रत्येक वेळी हातातलं काम थांबतं. गडद हवी असेल तर जास्त वेळ बुडवून उपयोग नाही, पुन्हा पुन्हा बुडवून हवा दाखवावी लागते. पहिल्या वर्षी मी कापड रात्रभर बुडवून ठेवलं आणि सकाळी फिकट, डागाळलेलं काहीतरी हाती आलं.

---

वाटसरू

नीळकंठ, यावर वेगळा धागा काढाच. फोटोंसकट.

अवांतर: गोकर्णीची निळी फुलं गरम पाण्यात टाकून त्यात लिंबू पिळलं की निळ्याचं जांभळं होतं. तेही असंच काही असतं का?

---

नीळकंठ

नाही, ते वेगळं. गोकर्णीत अँथोसायनिन असतात, आम्ल मिळालं की ते रंग बदलतात. लिटमस कागदाचं काम फूल करतं. दिसायला सुंदर, पण कापडावर टिकत नाही, उन्हात उडतं.

---

झरा

आमच्या विहिरीचं पाणी पावसाळ्यात गढूळ येतं. त्यासाठी शेवग्याच्या बिया. शेंग भाजीची कोवळी नको, झाडावरच वाळून तपकिरी झालेली हवी. पंख असलेलं टरफल काढून आतली पांढरी बी कुटायची. साधारण लिटरला एक, फार गढूळ असेल तर दोन. पूड थोड्या पाण्यात कालवून, गाळून ते पाणी मोठ्या भांड्यात ओतायचं. मिनिटभर जोरात, मग पाच-दहा मिनिटं अगदी हळू ढवळायचं. तासाभरात गाळ तळाला बसतो.

यामागे बियांतली धनभारित प्रथिनं आहेत. मातीच्या कणांवर ऋणभार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलत पाण्यात तरंगत राहतात. प्रथिनं त्यांना एकत्र आणतात, गोळे जड होतात आणि खाली बसतात. गाळाबरोबर बरेच जंतूही जातात, पण सगळे जात नाहीत. म्हणून वरचं पाणी उकळूनच प्यायचं आणि दुसऱ्या दिवसावर ठेवायचं नाही, बियांचे अंश राहिल्याने त्याला वास धरतो.

निवळीच्या बीचाही हाच उपयोग. भांड्याच्या आतल्या बाजूला बी उगाळायची आणि पाणी भरायचं. पाणी निवळतं म्हणून निवळी, नावातच सगळं आलं.

---

काटेकोर

झरा, निवळीबद्दल एक महत्त्वाचं. ती स्ट्रिक्नॉस प्रजातीतली. त्याच प्रजातीतल्या काजऱ्याच्या, म्हणजे कुचल्याच्या बियांत स्ट्रिक्निन हे जीवघेणं विष असतं. दोन्ही झाडं सख्खी भावंडं म्हणावीत इतकी जवळची. रानातून स्वतः बिया गोळा करायच्या असतील तर जाणकाराशिवाय जाऊ नये. शेवग्याच्या बाबतीत ही भीती नाही, म्हणून मी शेवगाच सुचवेन.

---

अबोल

बहुतेक वेळा इथे नुसतं वाचते, पण हे लिहायलाच हवं. रिठ्याने मी लोकर आणि रेशीम धुते. फळं फोडून बी काढायची, टरफलं रात्रभर भिजवून कुस्करून गाळायची. फेस साबणाइतका टिकत नाही, म्हणून नवशिक्यांना वाटतं काम होत नाहीये. होतं. डोळ्यांत गेलं तर मात्र जबरदस्त झोंबतं.

मागच्या वर्षी धुण्याचं उरलेलं पाणी नैसर्गिकच आहे म्हणून मी कमळाच्या टाकीत ओतलं. त्यात आठ मासे होते. संध्याकाळपर्यंत एकही उरला नाही. नंतर वाचलं की रिठ्यातलं सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर आघात करतं आणि अशा वनस्पती मासे पकडायलाही वापरल्या जात. अजून ती टाकी रिकामी आहे. रिठ्याचं पाणी झाडांच्या मातीत टाका, पण जिथे मासे, बेडूक असतील तिथे कधीच नको.

---

पानवेली

अबोल, वाईट वाटलं गं वाचून. लिहिलंस ते बरं केलंस, आमच्या अंगणातही अशीच टाकी आहे आणि मीही रिठा वापरते.

---

हिरवाई

एक प्रश्न खलबत्ता किंवा काटेकोर यांना. कुठलीही वनस्पती आली की लोक सांगतात 'उकळून काढा करा'. सगळ्यांचं उकळूनच चांगलं निघतं का?

---

खलबत्ता

छान प्रश्न. उत्तर एका शोधातच आहे. चीनमध्ये तू यूयू आणि त्यांचे सहकारी हिवतापावर औषध शोधत होते. दवण्याच्या जातकुळीतल्या एका वनस्पतीचा अर्क कधी चाले, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या जुन्या ग्रंथात त्यांना एक ओळ सापडली: मूठभर पाला पाण्यात भिजवा, पिळा आणि तो रस प्या. उकळण्याचा उल्लेखच नाही! त्यांना वाटलं, उष्णतेनेच गुण जात असेल. मग त्यांनी सुमारे ३५ अंशांवर उकळणारं ईथर वापरून अर्क काढला आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये त्यांचा १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांच्या हिवतापावर पूर्ण परिणामकारक ठरला. त्यातूनच पुढे आर्टेमिसिनिन हे औषध मिळालं. २०१५ मध्ये तू यूयूंना त्यासाठी नोबेल मिळालं.

तरीही त्या पाल्याचा चहा हिवतापावर घेऊ नये असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण मात्रेचा भरवसा नाही आणि अर्धवट मात्रेने परजीवी औषधाला सरावू शकतो. एका वनस्पतीचं भिजवून निघतं, दुसरीचं उकळून, तिसरीचं तेलात.

---

मृद्गंध

काटेकोर, तुम्ही सांगितलंत तसं आज देठ मोडले आणि अंगावर काटा आला. कुंडीत एक नाही, दोन झाडं आहेत!

लांबून दोन्ही सारखी. लालसर देठ, मातीला चिकटलेली, एकमेकांत गुंतलेली. पहिल्याचा देठ काडकन मोडला आणि आत नुसतं पाणी. दुसऱ्याचा देठ तारेसारखा बारीक, मोडल्याबरोबर टोकावर दुधासारखा पांढराशुभ्र थेंब. मग भिंग घेऊन बसले. पहिल्याचं पान फुगीर, गुळगुळीत, टोकाकडे रुंद. दुसऱ्याचं पान कागदासारखं पातळ, कडेला बारीक दाते. मी चावलेलं पान जाड होतं हे पक्कं आठवतंय.

दूध येणारं कोण?

---

काटेकोर

याचसाठी मोडायला सांगितलं होतं. दूध येणारी युफोर्बिया प्रजातीतली आहे, घोळीच्या शेजारी हमखास उगवते आणि एकत्र खुडली जाते. तो चीक त्वचेला आणि तोंडाला झोंबतो, डोळ्यांत गेला तर इजा होते. हात साबणाने धुवा, डोळे चोळू नका. ती मुळासकट काढा. तुम्ही खाल्लेली घोळच, पाणीदार जाड पान दुसरीला नसतंच.

घोळीची आणखी एक खूण: पिवळं फूल चांगलं ऊन आलं तरच उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं. बोंडाला झाकण असतं, डबीसारखं.

---

शेगडी

इतकी वर्षं घोळ निवडते, पण देठ मोडून कधी बघितलं नाही. आजपासून प्रत्येक जुडी मोडून बघणार. मृद्गंध, सासूबाईंना नमस्कार सांग, घोळ त्यांनी बरोबर ओळखली होती.

---

मृद्गंध

सांगितला. त्यांनी मलाच विचारलं, "देठ मोडून बघायचं तुला सांगायला विसरले का मी?" त्यांना ते माहीत होतं, फक्त इतकं सवयीचं की सांगायचं सुचलं नाही.

दूधवाली काढली. घोळ नव्या कुंडीत लावली. आज साडेनऊला दोन फुलं उघडली होती, साडेबाराला गेले तर मिटलेली. एक वाळलेलं बोंड चिमटीत धरलं तर वरचं झाकण अलगद निघालं आणि तळहातावर खसखशीहून बारीक काळ्या बिया सांडल्या. कागदाच्या पुडीत ठेवल्यात. वहीतली चाळीस नावं खोडली, घोळीला दोन पानं दिली.

बिया किती खोल पेरायच्या?

---

शेगडी

खोल नाहीच. ओल्या मातीवर नुसत्या भुरभुरव आणि हाताने हलकं दाब. त्यांना उजेड लागतो, मातीखाली गेल्या तर झोपून राहतात.